भंगारात देण्याआधी सायकल वाचा



दिवाळीची साफसफाई निघाली की गोठ्यातून, माळ्यावरून, शेतातल्या पत्र्याच्या शेडमधून एकेक जुनी वस्तू अंगणात येते. त्यात बहुतेक घरी एक सायकल असतेच. टायर गेलेले, सीट फाटलेली, चेन गंजून घट्ट झालेली. गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की घरातलं कुणीतरी ती सायकल त्याच्या काट्यावर चढवतं आणि किलोच्या भावाने चार पैसे हातात येतात. काटा वजन बरोबर सांगतो. पण ती सायकल कुठे तयार झाली, साधारण कोणत्या काळातली, घरात कशी आली, हे काटा सांगत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं. आणि बघायला फार शिक्षण लागत नाही. एक पट्टी, एक लोहचुंबक, एक ओलं फडकं आणि पंधरा मिनिटं, एवढं पुरे.

आजच्या बोलण्यात आम्ही सांगणार आहोत की जुन्या लोखंडी सायकलीची ओळख कशी पटवायची. आधी आपल्या गावातल्या साध्या सायकलीची, मग जगभरचे हौशी लोक जिच्या मागे असतात त्या इटलीच्या रेसच्या सायकलीची. रीत दोन्हीकडे एकच आहे.

आधीच एक सांगून टाकतो. आपल्या घरची सायकल लाखात विकली जाईल, अशी आशा आम्ही कुणाला लावणार नाही. बहुतेक सायकली साध्याच निघतात. पण साधी आहे हे बघून, समजून देणं वेगळं आणि न बघता देणं वेगळं.

जुन्या सायकली जमवतं तरी कोण?

पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलं आहे. २०१७ पासून ते लोकांना बघायला खुलं आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी केलेली बीएसए कंपनीची घडीची सायकलसुद्धा आहे. विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकाने घडी करून बरोबर न्यावी, अशी तिची रचना. पुणे एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, त्यामुळे असं संग्रहालय तिथे व्हावं यात नवल नाही. नवल याचं की अशा संग्रहालयातल्या कितीतरी सायकली आपल्या गोठ्यातल्या सायकलीच्या सख्ख्या बहिणी असतात. कुणीतरी त्या ओळखल्या आणि राखल्या, एवढाच फरक.

इटलीत टस्कनी नावाच्या भागात १९९७ पासून दर वर्षी जुन्या सायकलींची एक मोठी फेरी निघते. तिचं नाव ‘लेरोइका’. तिथे १९८७ च्या आधीच्या रेसच्या सायकली घेऊन लोक मातीच्या पांढऱ्या रस्त्यांवरून जातात. नियम कडक आहेत. गिअर बदलायच्या खुंट्या खालच्या नळीवरच हव्यात, पाय अडकवायला पट्ट्या हव्यात, ब्रेकची वायर हँडलच्या बाहेरून आलेली दिसली पाहिजे. आता अशा फेरीत जायचं तर सायकल खरंच जुनी आहे का, हे ओळखता यायलाच हवं. त्यातूनच ओळखीचं हे शास्त्र वाढलं.

सुटे भाग बदलतात, सांगाडा राहतो

सायकलीचं काय बघायचं? लोक आधी सीट, घंटी, हँडल बघतात. पण हे सगळं बदलणारं आहे. पंचवीस वर्षं वापरलेल्या सायकलीचे टायर, चेन, पायडल, सीट, कधी कधी चाकंही बदललेली असतात. बदलत नाही तो सांगाडा, म्हणजे फ्रेम. म्हणून ओळख पटवायची ती फ्रेमवरून.

फ्रेम म्हणजे पोकळ नळ्यांची जोडणी. नळ्या जिथे एकत्र येतात तिथे एक बाही बसवलेली दिसते, झग्याच्या बाहीसारखीच. कारागीर तिला लग म्हणतात. नळी त्या बाहीत घालायची, तापवायची आणि फटीत पितळ वितळवून सोडायचं. पितळ आत ओढलं जातं आणि जोड पक्का होतो. लोखंड वितळत नाही, फक्त पितळ वितळतं. जुन्या सायकलीचा रंग जोडापाशी उडाला असेल तर कडेला पिवळी रेघ दिसते, ती हीच. नुसता वेल्डिंगचा जाड वळ दिसला आणि बाही नसली, तर ती सायकल बहुधा अलीकडची.

नळीतही फरक असतो. साध्या सायकलीची नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीची. रेसच्या सायकलीची नळी दोन्ही टोकांना जाड आणि मधे पातळ. बाहेरून हात फिरवला तर कळत नाही, कारण फरक आतून असतो. जोडापाशी ताण जास्त, तिथे जाडी ठेवली. मधे ताण कमी, तिथलं वजन काढलं. अशा नळीचं पेटंट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कारखान्याने १८९७ मध्ये घेतलं. पुढे १९३५ मध्ये त्यांची ‘५३१’ नावाची नळी आली आणि ती फार गाजली. इटलीत मिलान शहरात १९१९ साली सुरू झालेला कोलंबसचा कारखाना अशाच नळ्यांसाठी नावाजला. कोलंबसची ‘एसएल’ नावाची नळी टोकाला ०.९ मिलिमीटर आणि मधे ०.६ मिलिमीटर जाडीची. म्हणजे आपल्या साध्या पट्टीवरच्या एका बारीक घरापेक्षाही कमी, आणि त्यावर माणूस डोंगर चढतो, उतरतो.

म्हणूनच वजन ही पहिली खूण. आपली दूधवाल्याची, चारा वाहणारी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. इटलीची लोखंडी रेसची सायकल सगळ्या भागांसकट दहा किलोच्या आसपास. एका हाताने उचलली की अंदाज येतो.

आपल्या घरातली सायकल

आता अंगणातल्या सायकलीकडे या. ओल्या फडक्याने धूळ पुसा. घासू नका, फक्त पुसा. मग वरून खाली बघत या.

पहिली जागा म्हणजे हँडलखालची उभी आखूड नळी. तिथे कंपनीचा धातूचा बिल्ला असतो. अ‍ॅटलसच्या बिल्ल्यावर खांद्यावर पृथ्वी घेतलेला माणूस, रॅलेवर बगळ्याचं डोकं, बीएसएवर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. बंदुका कशासाठी? कारण ती कंपनी मुळात बंदुका करणारी. नावाचाच अर्थ बर्मिंगहॅमचा लहान शस्त्रांचा कारखाना. बिल्ला निघून गेला असला तरी रिबिटची दोन भोकं राहतात. भोकं वर-खाली आहेत की आडवी, आणि त्यांच्यात अंतर किती, यावरूनही जाणकार कंपनीचा माग काढतात. म्हणून ती भोकं बुजवू नका.

दुसरी जागा म्हणजे पायडलपाशी असलेलं मोठं दातेरी चक्र. जुन्या इंग्लिश कंपन्या त्या चक्रातच आपली खूण कापून घेत. रॅलेच्या चक्रात बगळ्यांची तीन डोकी, रज या कंपनीच्या चक्रात माणसाचा पंजा, हंबरच्या चक्रात हात-पाय पसरलेली पाच माणसं. हंबरची आणखी एक खूण. तिच्या पुढच्या चिमट्याची प्रत्येक बाजू एका नळीची नसून जोडनळीची असते. चक्र बदललेलं असू शकतं, पण चिमटा आणि चक्र दोन्ही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तिसरी जागा म्हणजे क्रमांक. सीटखालच्या जोडावर किंवा सायकल उलटी केली की पायडलच्या आसाखाली तो ठोकलेला सापडतो. रंगाचे थर बसले असतील तर वहीचा पातळ कागद ठेवून वर पेन्सिल आडवी घासा. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा. क्रमांक उमटतो.

चौथी जागा म्हणजे मागच्या चाकाचा मधला हब. तिथे स्टर्मी-आर्चर असं नाव असेल तर ती तीन गिअरची इंग्लिश बनावट, आणि बऱ्याच हबवर साल आणि महिना आकड्यात ठोकलेला असतो. मात्र तो आकडा हबचा, फ्रेमचा नव्हे. चाक नंतर बदललेलं असू शकतं.

आता काळ कसा ठरवायचा? आपल्या देशात आधी सायकली विलायतेहून येत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि इथले कारखाने वाढले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स १९४९ मध्ये स्थापन झाली, हर्क्युलिस तिचीच. सोनीपतला अ‍ॅटलस १९५१ ची, आसनसोलला सेन-रॅले १९५२ ची, लुधियान्याला हीरो १९५६ ची. म्हणजे बिल्ल्यावर ‘नॉटिंगहॅम, इंग्लंड’ असेल तर सायकल बहुधा आजेसासऱ्यांच्या काळातली, आणि ‘सेन-रॅले’ असेल तर १९५२ नंतरचीच. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० च्या कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या आणि पुढे त्या बंदही पडल्या. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला थांबला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. बंद पडलेल्या कारखान्याची वस्तू पुन्हा होत नाही, हे ध्यानात ठेवा. मुंबईच्या हिंद सायकलचा चांगला बिल्ला घरात असेल तर तो आपल्या राज्याच्या उद्योगाचा तुकडा आहे.

पाचवी खूण पुष्कळदा कुणी बघत नाही. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घ्यायच्या आणि कर भरला म्हणून पितळेचा किंवा पत्र्याचा बिल्ला द्यायच्या. त्यावर साल असे. असा बिल्ला हँडलला, दांडीला तारेने बांधलेला किंवा सीटच्या पिशवीत पडलेला सापडला तर त्या साली ती सायकल रस्त्यावर होती, याचा तो पुरावाच.

आणि खास आपल्यासाठी एक खूण. लेडीज सायकलीच्या मागच्या मडगार्डच्या दोन्ही कडांना बारीक भोकांची रांग असेल, तर ती जाळीची भोकं. तिथून आसापर्यंत दोऱ्या ओवून जाळी करत, म्हणजे झगा किंवा साडीचा काठ आऱ्यांत जात नसे. नंतरच्या स्वस्त सायकलींतून ही भोकं गेली. भोकांचं मडगार्ड शाबूत असेल तर ते फेकू नका.

इटलीची फ्रेम कशी ओळखतात

आता इटलीकडे. तिथे १९०९ पासून ‘जिरो द इतालिया’ नावाची देशभर फिरणारी शर्यत चालते. शर्यतीमुळे फ्रेम करणाऱ्या कारागिरांची घराणीच तयार झाली. बियांकी सगळ्यांत जुनी, १८८५ ची, तिचा फिकट निळसर-हिरवा रंग प्रसिद्ध. त्यानंतर चिनेली, दे रोझा, कोल्नागो अशी नावं. एडी मर्क्स या बेल्जियमच्या खेळाडूने १९७२ मध्ये मेक्सिको शहरात एका तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल मारून विक्रम केला, तो कोल्नागोने बांधलेल्या सायकलीवर.

अशा नावांना किंमत आली की नकलाही येतात. साधी फ्रेम घासायची, चकचकीत रंग द्यायचा, वर इटालियन नावाचं नवं स्टिकर चिकटवायचं आणि मोबाइलवर फोटो टाकून विकायची. आपली मुलं-भाचरं पुण्या-मुंबईत, परदेशात आहेत, त्यांना जुन्या रेसिंग सायकलींचं वेड लागलेलं आम्ही बघतो. त्यांना फसायचं नसेल तर एकच सूत्र सांगा. स्टिकर काहीही बोलेल, लोखंड बदलून बोलत नाही.

लोखंड काय सांगतं? क्रमाने बघू.

चुंबक लावा. चिकटलं तर लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियम, मग पुढे बघायचंच कारण नाही.

मग सायकल उलटी करा आणि पायडलच्या आसाची आडवी नळी मोजा. नुसती नळी, कप सोडून. इटालियन मापाची नळी ७० मिलिमीटर रुंद, इंग्लिश मापाची ६८. दोन मिलिमीटरचा फरक, पण पट्टीवर स्पष्ट दिसतो. त्याहून पक्की खूण तिच्या आट्यांत आहे. बरणीचं झाकण आपण नेहमी एकाच दिशेने आवळतो. इटालियन फ्रेममध्ये दोन्ही बाजूंचे कप असे सरळ आट्यांचे असतात. इंग्लिश मापात चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा. कुठल्याही सायकल मिस्त्रीला उघडायला सांगा, हात लावताच तो सांगेल. एक लक्षात ठेवा. इंग्लिश नळीचे आटे झिजले की कधी कधी ते मोठे कापून इटालियन मापाचे करतात, कारण इटालियन भोक थोडं मोठं असतं. उलट, बाहेरदेशी विकायला केलेल्या काही इटालियन फ्रेमना इंग्लिश आटे असतात. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये, तीन-चार जुळल्या तरच द्यावा.

पुढे मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो ती खाच. आपल्या काळ्या सायकलीत ती मागच्या बाजूने उघडी. गिअरच्या रेसिंग सायकलीत पुढच्या बाजूने उघडी आणि घडीव पोलादाची. तिथे बऱ्याचदा ‘कांपान्योलो’ हे नाव उठावात असतं. हा इटलीतला सुट्या भागांचा नामवंत कारखाना. नाव आहे म्हणजे फ्रेम त्यांनी केली असं नाही. खाचेचा तुकडा त्यांचा, फ्रेम करणारा दुसराच.

आता दोन्ही खाचांमधलं आतलं अंतर मोजा. १२० मिलिमीटर म्हणजे मागे पाच दातेरी चक्रांचा काळ, साधारण सत्तरच्या दशकापर्यंत. १२६ म्हणजे सहा-सात चक्रांचा, ऐंशीच्या दशकाचा. १३० म्हणजे त्यानंतरची. या एका मापावरून दशक कळतं.

दांडीवर ब्रेकची वायर धरायला काय आहे ते बघा. पट्टीच्या चिमट्या असतील तर फ्रेम बहुधा सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांच्या आधीची. फ्रेमलाच डाख देऊन बसवलेल्या कड्या असतील तर नंतरची.

सीटची नळी निघत असेल तर तिची जाडी बघा. ती २७.२ मिलिमीटर भरली तर फ्रेमच्या नळ्या पातळ, चांगल्या जातीच्या असण्याची शक्यता मोठी. खूप बारीक भरली तर फ्रेमची नळी आतून जाड, म्हणजे साधी.

लगच्या कडा बघा. चांगल्या कारागिराने कानशीने घासून त्या पातळ, धारदार काढलेल्या असतात. कधी त्यात बदामाचा, चिलटाएवढा का होईना, आकार कापलेला असतो. घाईच्या कामात कडा जाड आणि पितळ बाहेर सांडलेलं.

क्रमांकाचा इथे फारसा उपयोग नाही. इटलीतल्या अनेक लहान कारागिरांच्या फ्रेमवर क्रमांक सापडत नाही, आणि सापडला तरी त्यावरून साल काढता येत नाही. पायडलखाली ५४ किंवा ५६ असा आकडा दिसला तर ते बहुधा फ्रेमचं माप असतं, साल नव्हे. विकणारा ‘छप्पन सालची आहे’ म्हणाला तर हसून पुढे जा.

सायकल कुणाची?

इटलीच्याच एका बाईची गोष्ट इथे सांगायला हवी. तिचं नाव अल्फोन्सिना स्त्रादा. शेतमजुराच्या घरात १८९१ मध्ये जन्मलेली. लग्नात नवऱ्याने तिला रेसची सायकल भेट दिली, असं सांगतात. १९२४ च्या जिरो शर्यतीत ती पुरुषांबरोबर उतरली. शर्यत ३,६१३ किलोमीटरची, बारा टप्प्यांची, खडी-मातीच्या रस्त्यांची. एका टप्प्यात पावसा-वाऱ्यात पडून तिचं हँडल मोडलं. तिने झाडूच्या दांड्याचा तुकडा बांधून ते जोडलं आणि पुढे निघाली. पोहोचायला उशीर झाला म्हणून तिचं नाव निकालातून काढलं, पण तिला पुढे चालू दिलं. सुरुवातीला ९० जण होते, निकालात शेवटी ३० उरले. निकालाबाहेर असलेली अल्फोन्सिनाही मिलानपर्यंत पोहोचली. देशभर फिरणाऱ्या त्या मोठ्या शर्यतीत पुरुषांबरोबर उतरलेली बाई ती एकटीच. नंतर तिने मिलानमध्ये सायकलीचं दुकान चालवलं.

तिला लग्नात सायकल मिळाली. आपल्याकडेही लग्नात सायकल मिळायची, पण कुणाला? घड्याळ, रेडिओ आणि सायकल हा नवरदेवाचा मान होता. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, तरी ही मागणी पुढे कितीतरी वर्षं चालली. मुलीच्या बापाने केळीचं पीक हातात येण्याआधी उसने पैसे काढून सायकल घ्यायची आणि चेनकव्हरवर नाव रंगवलं जायचं जावयाचं. म्हणजे आज गोठ्यात पडलेली ‘सासऱ्यांची सायकल’ कितीतरी घरांत मुळात सासूबाईंच्या वडिलांची आहे. हे कुठल्याच बिल्ल्यावर लिहिलेलं नसतं. घरातली म्हातारी माय सांगेल तरच कळेल, आणि तिला विचारायचं तर आत्ताच विचारायला हवं.

सायकल बाईच्या हातात आली की काय होतं, हेही आपल्या देशाने पाहिलं आहे. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ मध्ये साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो खेड्यांतल्या बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि पुष्कळींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. तेव्हा घरातली जुनी फ्रेम धड असेल तर तिची पहिली किंमत भंगाराची नाही आणि हौशी माणसाचीही नाही. ती आधी घरातल्या किंवा शेजारच्या शाळेत जाणाऱ्या पोरीची.

देण्याआधी, वापरण्याआधी

फ्रेम धड आहे हे मात्र नीट तपासा. हँडलच्या नळीमागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या खालच्या अंगाने बोट फिरवा. सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकलेली आहे. रंगाला तिथेच आडवी चीर असेल तर आत लोखंडालाही असू शकते. अशी फ्रेम भिंतीवर टांगायला ठीक, पोरीला चालवायला नको. सीटच्या नळीत टॉर्च मारून बघा. पावसाचं पाणी आत साचून गंज आतूनच खातो आणि बाहेरून रंग छान दिसतो.

स्वच्छ करताना पॉलिशपेपर लावू नका. दोन कारणं. एक म्हणजे जुनं नाव, जुन्या सोनेरी रेघा एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि नव्या रंगाने जाणकाराच्या लेखी किंमत वाढत नाही, उतरते. दुसरं कारण जास्त मोठं. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. घासल्यावर उडणारी पूड लहान मुलांच्या आणि पोटुशी बाईच्या पोटात जाणं फार वाईट. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. म्हणून कोरडं घासणं नाहीच. मऊ फडकं, थोडं मशीनचं तेल, गंजाच्या जागी तेल लावून एक रात्र ठेवायचं आणि सकाळी पुसायचं. काम अंगणात करायचं, पोरांना लांब ठेवायचं, फडकं फेकून द्यायचं आणि हात साबणाने धुवायचे.

मग मोबाइलवर सहा फोटो काढा. पूर्ण सायकल चेनच्या बाजूने, हँडलखालचा बिल्ला, दातेरी चक्र, क्रमांक, मागची खाच आणि चेनकव्हरवरचं नाव. वहीच्या एका पानावर लिहा की सायकल कुणी घेतली, कुठून घेतली, पैसे कुणी दिले, ती कोणकोण चालवायचं. हे पान सायकल विकली तरी घरात राहील. आणि विकायची झालीच, तर गिऱ्हाईकाला आधी फोटो दाखवा, भाव दोन-तीन ठिकाणी विचारा आणि घरातल्या ज्या बाईचा त्या सायकलीशी संबंध आहे तिला विचारल्याशिवाय सौदा करू नका.

या आठवड्यात आपल्या घरची सायकल उलटी करून बघा. बिल्ला, चक्र, क्रमांक, जे काही सापडेल ते कागदावर लिहून केंद्रात आणून द्या. लिहिता येत नसेल तर येऊन सांगा, आम्ही लिहून घेऊ. सावदा, फैजपूर, रावेर भागातल्या घराघरांत कोणकोणत्या सायकली आहेत आणि त्या कुणाच्या पैशाने आल्या, याची यादी आम्ही पुढच्या महिन्यात याच वेळी वाचून दाखवू.